वर्ध्याहून क्रूझला: पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत

क्रूझच्या जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला आकडा वाचून घरात बेत जाहीर करू नका. तो आकडा माणशी असतो. एका खोलीत दोघं राहणार असं त्यात धरलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत 'कर व शुल्क वेगळे' असं लिहिलेलं असतं. क्रूझ महाग पडते ती तिकिटामुळे कमी आणि तिकिटाभोवतीच्या खर्चामुळे जास्त. त्यात आपण वर्धेकर मुंबईपासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर आत राहतो, त्यामुळे बंदरापर्यंत जाणं-येणं हाही मुंबईकराच्या हिशेबात नसलेला खर्च आपल्या माथी आहेच.

आधी कागदावर हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या तारखेचे वेगळे असतील. जाहिरातीत माणशी 18,000 रुपये लिहिलंय. नवरा-बायको आणि दोन मुलं म्हणजे 72,000. एवढे तर जमतील, असं म्हणून आपण फोन लावतो. मग बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी मिळून माणशी सहा हजार वाढतात आणि रक्कम 96,000 वर जाते. वर्धा-मुंबई थर्ड एसीचं चौघांचं जाणं-येणं दहा हजारांच्या आसपास. मुंबईत एक रात्र, रिक्षा-टॅक्सी, जेवण याचे सहा-सात हजार. जहाजावर थंड पेय, फोटो, वायफाय, मुलांचे गेम, किनाऱ्यावरची सहल यांत पंधरा हजार कसे गेले ते कळतही नाही. म्हणजे 72,000 ची सहल सव्वा लाखाच्या पुढे गेली. आता यातले कुठले पैसे वाचू शकतात ते पाहू.

तारीख हीच खरी सवलत

मुंबईहून सुटणारी, मराठी माणसाच्या आवाक्यातली क्रूझ म्हणजे सध्या प्रामुख्याने कॉर्डेलिया. तिच्या फेऱ्या सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाल्या. तिचं 'एम्प्रेस' हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सहली असतात. त्याआधी ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली होती आणि 2019 मध्ये 'जलेश' कंपनीचं 'कर्णिका' आलं होतं. कोरोनाच्या लाटेत दोन्ही बंद पडली. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की हा धंदा आपल्याकडे अजून नवा आहे. वर्षभर आधी पूर्ण पैसे भरून मोकळं होण्याइतका भरवसा कुठल्याच कंपनीवर टाकू नका. आगाऊ रक्कम भरा, बाकीची मुदतीत द्या.

एकाच खोलीचा दर तारखेप्रमाणे कितीतरी बदलतो. शुक्रवारी सुटून रविवारी परतणारी फेरी सगळ्यात महाग, कारण मुंबई-पुण्याच्या नोकरदारांना तीच सोयीची. सोमवार ते बुधवारची फेरी त्यामानाने स्वस्त. दिवाळीचा आठवडा, नाताळ आणि 31 डिसेंबर या तारखांकडे बघूसुद्धा नका. संक्रांत झाल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. हवा चांगली, समुद्र शांत, आणि घरोघरी परीक्षा असल्यामुळे गर्दी कमी. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत किंवा जे नुकतेच निवृत्त झाले आहेत, त्यांच्यासाठी हाच मोसम. हिंगणघाट, देवळी, आर्वीकडच्या कास्तकारांनाही तो बरा पडतो. तोवर कापूस बाजारात गेलेला असतो, हातात पैसा असतो आणि उन्हाळी मशागतीला वेळ असतो.

मे महिन्यात मुलांना सुटी असते खरी, पण तेव्हा दरही चढलेले असतात. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. ते जूनचे दिवस स्वस्त पडतील असं वाटतं, पण तोवर अरबी समुद्र खवळायला लागलेला असतो आणि मुंबईच्या फेऱ्या थांबतात. अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात हे जहाज चेन्नईकडे नेऊन तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या जातात. वर्ध्याच्या लोकांनी इकडे लक्ष द्यायला हरकत नाही. सेवाग्राम स्टेशन दिल्ली-चेन्नई मार्गावरच आहे, त्यामुळे मुंबईला जायचं काय किंवा चेन्नईला जायचं काय, आपल्याला एक रात्र गाडीतच काढायची आहे. मात्र श्रीलंका परदेश आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचे नियम लागतात, ते बुकिंगआधी पाहून घ्या.

खोली निवडताना

खोल्यांचे साधारण चार प्रकार असतात. आतली बिनखिडकीची, समुद्राकडे बंद खिडकी असलेली, बाल्कनीची आणि स्वीट. एजंट नेहमी बाल्कनी गळ्यात मारतो. दोन रात्रींच्या सहलीत तुम्ही खोलीत झोपण्याशिवाय फार काही करत नाही. सूर्योदय बघायचा तर वरच्या डेकवर खुर्च्या मोकळ्या पडलेल्या असतात आणि तिथून समुद्र चारही बाजूंनी दिसतो. त्यामुळे छोट्या सहलीला आतली खोली घ्या. पाच-सात रात्रींची सहल असेल, सोबत म्हातारी माणसं असतील किंवा कुणाला बंद खोलीत गुदमरतं, तर खिडकी घ्या. पैसे वाचवायचे म्हणून आईला बिनखिडकीच्या खोलीत ठेवून सहल बिघडवण्यात अर्थ नाही.

खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली सहसा स्वस्त असते आणि डोलणंही तिथेच सगळ्यात कमी जाणवतं. उलटी होण्याची सवय असणाऱ्यांसाठी ही खोली दोन्हीकडून फायद्याची.

चौघांच्या कुटुंबाने दोन खोल्या घेण्याआधी चार बर्थची एक खोली मिळते का ते विचारावं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर बहुतेक जहाजांवर पहिल्या दोघांपेक्षा बराच कमी असतो. मात्र अशा खोल्या थोड्याच असतात, म्हणून त्या लवकर घ्याव्या लागतात. एकट्याने जाणाऱ्याचं गणित याच्या उलट: रिकाम्या बर्थचे पैसेही त्यालाच भरावे लागतात. तेव्हा बहीण, मैत्रीण, ऑफिसातलं कुणी, कोणीतरी जोडीदार शोधाच. भिशीतल्या बायका मिळून गेल्या तर आणखी बरं. ठरावीक संख्येच्या वर खोल्या घेतल्या की बऱ्याच कंपन्या गटाचा दर देतात. पण तो मागावा लागतो, आपणहून कुणी सांगत नाही.

वर्धा ते बॅलार्ड पियर

विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस या दोन्ही गाड्या वर्ध्याला थांबतात आणि थेट सीएसएमटीला नेऊन सोडतात. क्रूझ जिथून सुटते ते बॅलार्ड पियर तिथून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं, तेही इथेच. नागपूरला जाऊन विमान पकडायचं, मग मुंबई विमानतळावरून दक्षिण मुंबई गाठायची, या खटपटीत पैसा तर जातोच, वेळही फारसा वाचत नाही. समृद्धी महामार्ग येळाकेळीवरूनच जातो म्हणून काही जण स्वतःची गाडी काढतात. टोल, डिझेल आणि फोर्ट भागात दोन-तीन दिवसांचं पार्किंग यांची बेरीज करून बघा, म्हणजे रेल्वेचं तिकीट किती स्वस्त ते कळेल.

रेल्वेत एक अडचण आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण फक्त 60 दिवस आधी उघडतं, आणि क्रूझचे चांगले दर त्याच्या कितीतरी आधी मिळतात. म्हणजे आधी क्रूझ, मग रेल्वे, हाच क्रम राहतो. तेव्हा जाण्याच्या आणि परतीच्या दोन्ही गाड्यांचे साठावे दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला बसा. दिवाळीच्या सुमारास विदर्भ एक्सप्रेसची वेटिंग लिस्ट किती लांबते हे वेगळं सांगायला नको. एकदा तत्काळमध्ये अडकलात की खोलीत वाचवलेले पैसे तिथेच गेले.

आता ज्या ठिकाणी पैसे वाचवू नयेत ते ठिकाण. जहाज सुटतं त्याच दिवशी सकाळी मुंबईत उतरण्याचा बेत करू नका. जहाज बऱ्याचदा संध्याकाळी सुटतं, आपली गाडी सकाळी किंवा दुपारपर्यंत पोचते, म्हणजे वेळच वेळ आहे असं वाटतं. पण चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. भुसावळ-इगतपुरीच्या टप्प्यात गाडी चार तास रखडली तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून एक दिवस आधी पोचा. सीएसएमटीच्या विश्रामगृहातली खोली किंवा डॉर्मिटरीतली खाट आयआरसीटीसीवर आधी मिळाली तर उत्तम, नाहीतर स्टेशनच्या आसपास साधं लॉज घ्या. सव्वा लाखाच्या सहलीत या एका रात्रीचा खर्च म्हणजे विम्याचा हप्ता समजा. परतताना जहाज सकाळी रिकामं होतं आणि आपल्या गाड्या दुपारनंतर असतात. मधल्या वेळेसाठी हॉटेल घेऊ नका. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप मात्र हवं, नाहीतर ते घेत नाहीत.

सामानावरून आठवलं. 29 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेसाठी निघाले, तेही दुसऱ्या वर्गाने. बोटीवर गेल्यावर बरोबरच्या मंडळींनी आणलेल्या ट्रंका त्यांनी पाहिल्या आणि सगळ्यांना चांगलंच सुनावलं. एडन आल्यावर जादा सामान परत मुंबईला धाडून दिलं. आपल्याला एवढं कडक व्हायचं कारण नाही, पण तीन दिवसांच्या सहलीला चौघांच्या सहा बॅगा नेल्या तर हमाल, टॅक्सी आणि जहाजावरची लाँड्री अशा तिन्ही ठिकाणी पैसे जातात. एका रात्री बरे कपडे घालावे लागतात, तेवढा एक जोड घ्या.

गोरसपाक गाडीत खायला घ्या. जहाजावर घरचं शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. बंद पाकिटांचे नियम कंपनीप्रमाणे बदलतात. जहाजावर उपाशी राहण्याची भीती नकोच. मुख्य जेवण तिकिटात धरलेलं असतं, शाकाहारी आणि जैन जेवणही मिळतं.

जहाजावरची गळती

जहाजावर चढताना एक कार्ड देतात. तेच खोलीची चावी आणि तेच तुमचं पाकीट. नोटा हातातून जात नाहीत, म्हणून खर्च कळत नाही. कार्डावर किती रक्कम टाकायची ते चढण्यापूर्वी ठरवा. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करता येतो का ते स्वागतकक्षात विचारून घ्या. रोज संध्याकाळी तिथे किंवा खोलीतल्या टीव्हीवर बिल पाहा. चुकीची नोंद असेल तर ती त्याच दिवशी दुरुस्त होते. शेवटच्या सकाळी उतरणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून कुणी भांडत बसत नाही.

तिकिटात काय येतं आणि काय नाही, हे चढायच्या आधीच पक्कं करून घ्या. साधारणपणे बुफे जेवण, चहा-कॉफी, पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळचे कार्यक्रम येतात. दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, कॅसिनो आणि खोलीतला छोटा फ्रिज यांचे पैसे वेगळे. खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली फुकटची आहे की नाही हे विचारल्याशिवाय उघडू नका. ड्रिंक्सचं पॅकेज घेण्याआधी बेरीज करा. दिवसाला दोन-तीन पेयांच्या वर जाणार नसाल तर सुटं घेणंच स्वस्त. फोटोग्राफर दर वळणावर फोटो काढतो. त्याला नाही म्हणायची गरज नाही. काढू द्या, विकत घेऊ नका.

मोबाइलचं मात्र नीट ऐका. किनारा सुटला की फोन आपोआप जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडू शकतो. त्याचे दर तुमच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये बसत नाहीत. जहाज सुटताना फ्लाइट मोड लावा आणि गोवा दिसेपर्यंत काढू नका. शेतावरचा सालदार किंवा घरची माणसं काळजीत पडतील, म्हणून दोन दिवस फोन लागणार नाही हे आधीच सांगून ठेवा. घरी कुणी आजारी असेल तर एका फोनपुरतं वायफाय घ्या, चौघांचं नको.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. कंपनीची सहल सोयीची असते, पण चौघांसाठी महाग पडते. वास्को गाव बंदराच्या जवळच आहे, आणि तिथून पणजीला कदंबची बस मिळते. चौघं असाल तर टॅक्सी ठरवा, दर बसण्याआधी बोला. आपल्या पायांनी फिरायचं तर जहाजावर परतण्याच्या वेळेच्या दोन तास आधी बंदराकडे वळा. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

बोट लागण्याबद्दल थोडं. औषधाची गोळी डॉक्टरांना विचारून गावातूनच घेऊन जा, जहाजावरचा दवाखाना फी घेतो आणि ती बरीच असते. आलेपाक खिशात असू द्या. घरात कुणीच कधी समुद्रावर गेलेलं नसेल, तर आधी मुंबईच्या खेपेत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो घ्या. तास-सव्वा तासाचा प्रवास, तिकीट किरकोळ. त्यात ज्याला मळमळलं त्याच्यासाठी पाच रात्रींची लक्षद्वीपची फेरी काढू नका.

मुलं अमेरिकेत असतील तर

वर्ध्यातून इंजिनीअर होऊन बाहेर गेलेल्या मुलांचे आई-वडील हल्ली अमेरिकेत जाऊन क्रूझ करून येतात. तिथे स्पर्धा जास्त असल्याने दर आपल्यापेक्षा बरे मिळतात, आणि बंदर घराजवळ असेल तर विमानाचा खर्चही वाचतो. न्यू जर्सीतल्या एडिसनकडे मराठी घरं पुष्कळ आहेत. बेयोनचं क्रूझ बंदर त्याच राज्यात, गाडीच्या अंतरावर आहे. ज्येष्ठांसाठी आणि त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी काही कंपन्या वेगळे दर ठेवतात. मुलाला ते शोधायला सांगा. टिप तिथे दर डोई, दर दिवस अशी आपोआप बिलात चढते, ती आधीच हिशेबात धरा.

तिथे पैसे बुडतात ते व्हिसाच्या चुकीमुळे. सिएटलहून सुटणाऱ्या अलास्काच्या फेऱ्या बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर बंदरावरूनच परत फिरावं लागतं. सिंगापूरच्या क्रूझलाही हेच लक्षात ठेवा: जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. भारतातून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (स्रोतावरच वसूल होणारा कर) घेतात. हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. पण बरेच लोक तो विसरतात आणि स्वतःचेच पैसे सरकारकडे सोडून देतात. पावतीवर तुमचा पॅन नीट आहे ना, ते बघा.

पैसे भरताना

कंपनीची वेबसाइट, आयआरसीटीसी आणि नागपूरचे एक-दोन एजंट असे तिन्ही ठिकाणचे दर एकाच दिवशी घ्या, आणि तेही 'सगळं धरून शेवटी किती' असे लेखी घ्या. दर सारखाच निघाला तर एजंटकडे सवलत मागू नका, जहाजावर खर्चायची रक्कम किंवा वरच्या वर्गाची खोली मागा. ते देणं त्याला सोपं जातं. पैसे कंपनीच्या किंवा दुकानाच्या खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको, आणि जीएसटीचं बिल घ्या. रद्द केल्यास किती कापणार आणि तारीख बदलता येते का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधीचे आहेत.

बिनव्याजी हप्त्यांच्या मोहात पडू नका. त्यात बहुधा रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट गेलेली असते आणि प्रक्रिया शुल्क वेगळं लागतं. वर्षभर आधीच बँकेत किंवा पतसंस्थेत आवर्ती ठेव काढा आणि ती पुरी होईल तेव्हाची तारीख धरा. सहल संपल्यावर वर्षभर हप्ते भरणारी घरं आपल्या ओळखीत असतातच.

आणि बुकिंगच्या आधी घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं एकदा टेबलावर काढा. आजीच्या आधारवर माहेरचं आडनाव, मुलाच्या आधारवर जन्मतारीख चुकलेली, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. तिकिटावरचं नाव बदलायला कंपनी पैसे घेते. आधार केंद्रात दुरुस्ती त्यामानाने फारच स्वस्त पडते, पण तिला वेळ लागतो. तेव्हा ते काम या आठवड्यातच उरका.